पश्चिमेची खिडकी

"अण्णा, मी दिसतेय का?"

"नाही."

"आता?"

"नाही गं. नकाशा दिसतोय. तू नाहीस."

"डाव्या बाजूला बघा. मी डाव्या बाजूला आहे."

"डावीकडंच बघतोय. डावीकडं पण नकाशाच हाय."

मी पुण्यात, अण्णा तासगावात. फोन खांदा आणि कानाच्या मधे दाबून मी त्यांच्या लॅपटॉपशी झटापट करत होते. सकाळच्या हजेरीची वेळ उलटून गेली होती आणि मला नेहमीची धास्ती वाटायला लागली होती. ही धास्ती आई गेल्यापासूनची. अण्णांनी फोन उचलायला जरा उशीर केला तरी ती हजर व्हायची.

आई गेल्यावर अण्णांनी पुण्याला यावं म्हणून मी जंग जंग पछाडलं होतं. पण माझे वडील, रंगराव सलगर, म्हणजे निवृत्त भूकरमापक, उभ्या जन्मात लोकांच्या जमिनी मोजून दिलेला माणूस. "तुझ्या फ्लॅटात मोजायला काय हाय? चार भिंती," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. शेवटी आमची तडजोड झाली. त्यांनी तासगावात एकटं राहायचं, पण रोज सकाळी लॅपटॉपसमोर बसून मला तोंड दाखवायचं. ज्या दिवशी तोंड दिसणार नाही त्या दिवशी मी गाडी घेऊन येणार आणि त्यांना सामानासकट उचलून नेणार. अण्णांनी ही अट मान्य केली, आणि ती मोडू नये म्हणून ते अंगात ताप असतानासुद्धा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. एकदा पाय मुरगळलेला असताना त्यांनी मला महिनाभर ताकास तूर लागू दिली नव्हती, कारण कॅमेऱ्यात पाय दिसत नाहीत.

त्यांचा मोबाईल साधा, बटणांचा. व्हिडिओ कॉल व्हायचा तो लॅपटॉपवरच. पण माउस आणि अण्णा यांचं कधी जमलं नाही. खिडकी जरा बाजूला सरकवायला जात आणि बंद करून बसत. मग मी माझ्या धंद्यातली युक्ती काढली. कंपनीत मी दिवसभर दूरदूरचे सर्व्हर काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालवते, तसाच अण्णांचा लॅपटॉप चालवायला लागले. ब्राउझर सुरू करणाऱ्या ओळीतच त्याला सांगता येतं की खिडकी पडद्यावर नेमकी कुठं उघडायची. दोन आकडे द्यायचे, डाव्या कडेपासून किती अंतर आणि वरच्या कडेपासून किती. अण्णांना हे कळलं तेव्हा ते लहान मुलासारखे खूष झाले.

"म्हणजे शून्य-शून्य हा वायव्येचा कोपरा," ते म्हणाले होते. "तिथनं मोजायला लागायचं. बरोबर?"

"बरोबर."

"मग पश्चिमेच्या अर्ध्यात तू ये. पूर्वेच्या अर्ध्यात मला नकाशा दे."

नकाशा म्हणजे उपग्रहातून दिसणारी तासगावची शिवारं. त्यांनी मोजलेली शेतं वरून कशी दिसतात ते बघत ते तासन्‌तास बसत. तेव्हापासून ठरून गेलं. रोज मी माझ्या टेबलावरून दोन ओळी सोडायची, आणि तिकडं पश्चिमेला मी उगवायची, पूर्वेला द्राक्षबागा. पश्चिमेला उगवते म्हणून ते माझी चेष्टाही करत.

त्या दिवशी मात्र पश्चिम गायब होती.

माझा पहिला संशय ब्राउझरवर. आधीचा ब्राउझर चालू राहिलेला असला की तो नव्या आकड्यांकडं साफ दुर्लक्ष करतो आणि आपल्या मर्जीनं कुठंही खिडकी उघडतो. मी सगळं बंद केलं आणि पुन्हा हुकूम सोडला.

"आता?"

"नकाशा गेला होता. परत आला."

"आणि मी?"

"तू नाहीस."

दुसरा संशय ईराप्पाकाकांवर. शेजारच्या महादेवीकाकूंचे हे यजमान. गेल्या आठवड्यात त्यांनी मॅच बघायला अण्णांचा लॅपटॉप स्वतःच्या टीव्हीला जोडला होता. अशा वेळी लॅपटॉपला वाटतं आपल्याला दोन पडदे आहेत, आणि टीव्ही काढून घेतला तरी एखादी खिडकी त्या नसलेल्या पडद्यावर जाऊन बसते. चालू असते, पण कुणालाच दिसत नाही. हे मी तपासलं. पडदा एकच होता. मग मी तिकडच्या पडद्याचा फोटो काढून मागवला. लॅपटॉपला तसं सांगता येतं. फोटो आला आणि माझा पारा चढला. पश्चिमेच्या अर्ध्यात माझी खिडकी होती. ठळक, स्वच्छ, मधोमध कॉल घ्यायचं हिरवं बटण असलेली.

"अण्णा, खिडकी आहे. माझ्यासमोर फोटो आहे तुमच्या पडद्याचा."

"फोटोत असंल. हितं नाही."

"असं कसं होईल?"

"वैजू, मी जाग्यावर बसलोय का तू? नकाशात विहीर असती आणि जाग्यावर गेलं की बुजलेली असती. असं किती वेळा बघितलंय मी."

"चष्मा लावलाय ना?"

"लावलाय."

"काचा पुसल्यात?"

"आता माझी परीक्षा घेतीस होय?"

त्यांचा आवाज जरा जड वाटला. जीभ दातात घोटाळल्यासारखी. मी विचारलं तर म्हणाले, तोंडात पोहे आहेत. मला ते खरं वाटलं. किंवा मला ते खरं वाटून घ्यायचं होतं, कारण साडेअकराला माझी ऑफिसची मीटिंग होती आणि माझं अर्धं चित्त तिकडं होतं. एक शंका मात्र आली. आज अण्णांना तोंड दाखवायचंच नसेल तर? पडले असतील, कपाळाला टेंगूळ आलं असेल, आणि म्हणून पडद्याचं निमित्त काढत असतील. मुरगळलेल्या पायाचा अनुभव ताजा होता.

"अण्णा, खरं सांगा. काही लागलंय का?"

"काय लागायचंय?"

"नाही, तोंड दाखवायचं टाळताय म्हणून विचारते."

"मी कशाला टाळू? तूच यायचं टाळायलीस." ते खरोखरच दुखावले होते. "सकाळपासनं तयार होऊन बसलोय तुझ्यासाठी."

मी ठरवलं, खिडकी जागेवरून हलवून बघू. पहिला आकडा शून्य होता तो शंभर केला. म्हणजे खिडकी थोडी पूर्वेला.

"नाही," अण्णा म्हणाले.

तीनशे केला.

"नाही. थांब. नकाशाच्या कडंला कायतरी आलंय. पट्टी आल्यागत."

"कसली पट्टी?"

"तुझ्या खिडकीचीच दिसती. पण कापलेली हाय. एवढीशीच."

माझ्याकडचा फोटो सांगत होता की खिडकी पूर्ण आहे. पाचशे केला. "आता जरा रुंद झाली. पण अर्धीच हाय. मधनंच कापली." मग मी सरळ पडद्याचा मध्य दिला. खिडकी उडी मारून पूर्वेच्या अर्ध्यात, नकाशाच्या डोक्यावर जाऊन बसली.

"हां!" अण्णा ओरडले. "आली. पूर्ण आली. हिरवं बटण पण आलं. नकाशा कुठं गेला पण?"

मला हसावं की रडावं कळेना. खिडकी उजवीकडं नेली की दिसत होती. डावीकडं सरकवली की जणू कुणी कात्रीनं कापावी तशी कडेपासून नाहीशी होत होती. मी मनातल्या मनात लॅपटॉपचा पडदा खराब झाल्याचं ठरवून टाकलं. डाव्या बाजूचा अर्धा पडदा मेला असेल, काळा पडला असेल. फोटो आतून काढला जातो, त्यात काचेतला बिघाड दिसत नाही. सगळं जुळत होतं आणि मला फार हायसं वाटलं.

"अण्णा, पडद्याचा डावा अर्धा भाग काळा दिसतोय का?"

"काळा कशाला दिसंल?"

"मग कसा दिसतोय?"

"डावा भाग नाहीच की. पडदा जिथं संपतो तिथं संपतो."

"म्हणजे?"

"म्हणजे लॅपटॉप लहान हाय. तू दिलास तेव्हापासनं लहानच हाय."

मी खुर्चीत ताठ बसले. लॅपटॉप दिला त्या दिवशी अण्णांनी काय केलं होतं ते मला डोळ्यासमोर दिसलं. खोक्यातून बाहेर काढल्या काढल्या त्यांनी पडद्यावर वीत टाकली होती. नवी वस्तू घरात आली की ते मोजत, मग ती कॉट असो की कुकर. "दीड वीत भरतो," असं म्हणून त्यांनी मान डोलावली होती.

"अण्णा, माझं एक काम करा. पडदा मोजा. वितीनं."

"कशाला?"

"मोजा तर. उजव्या कडेपासून सुरू करा."

मोजायचं म्हटल्यावर त्यांना उत्साह आला. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, मग परत उचलल्याचा.

"वीत पण भरत नाही पुरती," ते म्हणाले. "चार बोटं कमी. मी म्हणलं नव्हतं, लहान हाय म्हणून?"

पडद्यात बिघाड असता तर त्यांच्या बोटांना पडद्याची कड पुढं लागलीच असती. काच काळी पडली तरी ती तिथं असतेच. त्यांचा हात पडद्याच्या मधोमध येऊन थांबला होता, आणि तिथं हद्द संपली अशी त्यांची खात्री होती. आयुष्यभर ज्यांनी लोकांना त्यांची हद्द दाखवली त्यांनी ती स्वतःच्या हातानं मोजून मला सांगितली होती.

"अण्णा, समोर हिरवं बटण आहे ना? ते दाबा."

"आता दाबू? मघापासनं तेच..."

"दाबा अण्णा, लवकर."

ते दाबायला त्यांना वेळ लागला. माउसचा बाण भलतीकडं जात असावा, कारण ते स्वतःशी पुटपुटत होते. मग माझ्या पडद्यावर त्यांचं घर उजळलं आणि अण्णा दिसले.

त्यांनी अर्धी दाढी केली होती. उजवा गाल गुळगुळीत होता आणि डाव्या गालावर पांढरे खुंट तसेच, वर वाळलेला साबण. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण फक्त उजव्या हातात. डावी बाही पाठीमागं लोंबत होती. डावा ओठ खाली ओघळला होता. टेबलावर पोह्यांची बशी होती. तिचाही उजवा अर्धा भाग साफ झालेला आणि डाव्या अर्ध्यात पोहे जसेच्या तसे. हे सगळं घेऊन अण्णा माझ्याकडं बघून हसत होते, नेहमीसारखे, हजेरी लागली म्हणून खूष.

"दिसलो का?"

"दिसलात," मी म्हणाले. "अण्णा, दोन्ही हात वर करा बघू."

त्यांनी उजवा हात वर केला. डावा मांडीवर पडून राहिला.

"डावा पण."

"केलाय की."

"अण्णा, डावा."

"अगं केलाय म्हणतोय ना! दोन्ही वर हायेत. दिसत नाही का तुला?"

आता न दिसण्याची पाळी माझी होती म्हणे. मी लॅपटॉपवर त्यांना तसंच ठेवलं, फोन कापला आणि महादेवीकाकूंना लावला. घंटा वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. द्राक्षं उतरायचे दिवस होते, काकू बेदाण्याच्या शेडवर असणार आणि फोन घरात. तिसऱ्यांदा ईराप्पाकाकांना लावला. पडद्यावर अण्णा शर्टाची गुंडी शोधत होते आणि ती त्यांना सापडत नव्हती.

"बोल वैजू," काकांचा आवाज आला.

"काका, अण्णांना अर्धांगाचा झटका आलाय. आत्ताच्या आत्ता घरात जा. गाडी काढा, मिरजेला न्यायचंय."

"काय बोलतीस? सकाळी तर दूध घेऊन गेले आमच्याकडनं. चांगले होते की."

"किती वाजता?"

"मगाशी. आठच्या सुमाराला."

पुढं ही वेळ फार उपयोगाची ठरली. तेव्हा मला एवढंच कळलं की काका पळायला लागलेत, कारण त्यांची धाप फोनमधून ऐकू येत होती. मग दार वाजल्याचा आवाज मला दोन्हीकडून आला, फोनमधून आणि लॅपटॉपमधून.

"कोण आलंय," अण्णा म्हणाले आणि उठायला लागले.

"बसा!" मी किंचाळले. "अण्णा, उठू नका. कडी लावलीय का?"

"लावलीय. आतनं."

"काका, आतून कडी आहे. पुढून जमणार नाही. परसातून जा."

"परसातला दरवाजा ढकलतो. तू त्यांना बोलण्यात गुंतवून ठेव."

गुंतवायचं म्हणजे काय बोलायचं? ते उठले असते तर डाव्या अंगावर कोसळले असते, आणि त्या बाजूला दगडी पायरी होती. मला एकदम सुचलं ते विचारलं.

"अण्णा, तुम्हाला सगळ्यात अवघड मोजणी कुठली वाटली हो?"

"आत्ता हे कशाला? दार वाजतंय."

"काका आलेत, थांबतील ते. सांगा ना."

अण्णा पुन्हा टेकले. मोजणीवर विचारलं की त्यांना राहवत नसे. "सावळजची," ते म्हणाले. जीभ अडखळत होती. "दोघं भाऊ. बांधावर चिंच होती. थोरला म्हणायचा चिंच माझ्यात, धाकटा म्हणायचा माझ्यात. मी साखळी टाकली. बुंध्याच्या मधनंच हद्द गेली."

"मग?"

"मग काय, दोघंबी गप बसले. म्हणाले, साहेब, आता काय करायचं? मी म्हणलं, सावलीत बसा दोघं. तेवढंच..." त्यांना पुढचा शब्द मिळेना. ते उजवीकडं बघत शोधत राहिले, जणू तो तिथं कुठं तरी ठेवलेला असावा. "तेवढंच..."

मागं धाडकन आवाज झाला आणि ईराप्पाकाका पडद्यात आले. पाठोपाठ महादेवीकाकू, डोक्याला फडकं बांधलेल्या, शेडवरून तशाच धावत आलेल्या.

"अग्गं बाई, आवो अण्णा, तोंड कसं झालंय हे!"

"काय झालंय तोंडाला?" अण्णा वैतागले. "दाढी केलीय आत्ताच."

काकांनी त्यांना काखेत धरून उचललं. अण्णा जोरात विरोध करत होते. "मला काय झालं नाही! वैजू, सांग यांना! ही पुण्याला न्यायची तयारी हाय तुझी, मला कळतंय!" त्यांचे डोळे मला शोधत होते आणि मी त्यांच्या समोरच होते, पूर्वेच्या अर्ध्यात. "वैजू, हजेरी दिली ना मी? दिली का नाही?"

"दिलीत अण्णा," मी म्हणाले. "दिलीत."

मग तिघं चौकटीबाहेर गेले. उरली खुर्ची आणि अर्धी बशी. तिकडं नकाशाच्या जागी माझी खिडकी तशीच उघडी असणार. बाहेर गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं.

पुण्याहून मिरजेपर्यंतचा रस्ता मी कसा कापला ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की खंबाटकीच्या घाटात काकांचा फोन आला, स्कॅन झाला, रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलंय, आणि मी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावून रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. तिथं पोचले तर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. वेळेत आणलंत, म्हणाल्या. आठला चांगले होते हे नक्की कळलं म्हणून इंजेक्शन देता आलं. मी त्यांना पडद्याचं सांगितलं, वितीचं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"मला वाटलं ते माझ्यापासून लपवतायत," मी म्हणाले.

"नाही, लपवत नव्हते. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की असं होतं. डावी बाजू दिसत नाही एवढंच नाही. डावी बाजू असते, हेच त्यांच्या लेखी राहत नाही. मग जे नाहीच ते लपवणार कसं?"

"परत येईल?"

"थोडी येईल. किती, ते आत्ता नाही सांगता येणार."

पुढं ती बरीचशी आली. अण्णा त्यानंतर सात वर्षं जगले, ती सगळी पुण्यात, माझ्या चार भिंतींत. पण त्या संध्याकाळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

अण्णा खाटेवर पडले होते. नर्सनं त्यांची उरलेली दाढी करून दिली होती. उजव्या बाजूला सलाइनचा स्टँड आणि स्टुलावर महादेवीकाकू, म्हणून मी डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांचा डावा हात हातात घेतला. तो गार होता. मी तो चोळत राहिले. अण्णांचे डोळे उघडे होते, पण ते बोलत नव्हते, म्हणून मीही बोलले नाही. मनात म्हटलं, रागावलेत माझ्यावर. पुण्याला न्यायला आलेय असं वाटत असेल. रागवू देत.

बराच वेळ गेला. मग अण्णांनी काकूंकडं बघितलं.

"वैजू निघाली का हो पुण्याहनं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी माझ्याकडं बघितलं.

"फोन तरी करा तिला," अण्णा म्हणाले. "सांगा, मी काय रागावलो नाही म्हणावं. ये म्हणावं."

मी त्यांचा हात अलगद चादरीवर ठेवला. खाटेच्या पायथ्याकडून वळसा घालून, काकूंच्या स्टुलाजवळून त्यांच्या उजव्या अंगाला आले आणि वाकले. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आलीस होय!" ते म्हणाले. "किती वाट बघायला लावलीस."

"रस्त्यात फार गर्दी होती अण्णा," मी म्हणाले. "आत्ताच पोचले."